निवाऱ्याचा राखणदारही कामगारच आहे



दोन हिवाळ्यांपूर्वी संघटनेच्या कामासाठी दिल्लीला गेलो होतो. धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा पोहोचली. मध्यरात्र उलटून गेली होती. उतरायच्या ठिकाणी फाटक बंद. सोबतचे सहकारी दिल्लीचे माहीतगार. ते म्हणाले, "चला, सकाळपर्यंत टेकायला जागा आहे." स्टेशनपासून थोड्या अंतरावर पत्र्याची लांबट खोली होती. दिल्लीत तिला रैनबसेरा म्हणतात. आत साठ-सत्तर माणसे ओळीने झोपलेली, दाराशी एका टेबलावर रजिस्टर आणि टेबलामागे मफलर गुंडाळलेला एक तरुण. आम्ही आपसात मराठीत बोलतो आहोत हे ऐकून तो उभाच राहिला. मुलगा वर्ध्याकडचा निघाला.

चहा पिताना सवयीने विचारले, "पगार किती मिळतो रे?"

तो हसला. "पगार म्हणू नका काका, मानधन म्हणा. पगार म्हटलं की आमचे साहेब रागावतात."

ते मानधन दिल्लीच्या अकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या निम्म्याहून थोडेसे जास्त होते, आणि तेही तीन महिने मिळालेले नव्हते. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. जोडीदाराची दिवसाची. साप्ताहिक सुट्टी विचारली तर म्हणाला, "दोघंच आहोत. मी सुट्टी घेतली तर तो चोवीस तास उभा. तो गेला तर मी."

त्या रात्री मला झोप आली नाही. थंडी हे त्याचे कारण नव्हते. आयुष्यभर रोस्टर, ओव्हरटाइम आणि रेस्ट यासाठी भांडलेला मी माणूस. आमच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर अशी ड्युटी चालते आणि कोणत्याही झेंड्याखाली त्याची साधी नोंदही नाही, याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे.

बेघर म्हणजे कोण?

प्रथम एक गैरसमज दूर करू. बेघर म्हणजे भिकारी, गर्दुल्ला, चोर, असे आपल्यातलेही पुष्कळ लोक मानतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे १७ लाख ७३ हजार. पैकी ९ लाख ३८ हजार शहरांत. २००१ साली शहरी बेघर ७ लाख ७८ हजार होते. म्हणजे देशाचा एकूण आकडा थोडा खाली आला, पण शहरांतला चांगलाच वाढला. रात्री कंदील घेऊन केलेली ही मोजणी. कितीतरी माणसे त्यातून निसटली असणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

जनगणनेने बेघराची व्याख्या करताना ज्या जागा नमूद केल्या त्या अशा : रस्त्याची कड, फुटपाथ, मोठे पाइप, उड्डाणपुलाखालची जागा, जिने, देवळांचे आवार आणि रेल्वेचे प्लॅटफॉर्म. रेल्वे कामगारांनो, आपला प्लॅटफॉर्म सरकारी व्याख्येतच आहे! तेव्हा हा विषय आपला नाही असे म्हणायची सोय नाही.

निवाऱ्यात झोपणारी माणसे सकाळी कोठे जातात ते बघा. लग्नसराईत मांडवात भांडी घासणारे, हातगाडी ओढणारे, सायकलरिक्षा चालवणारे, पार्सलचा माल चढवणारे, कचरा वेचणारे, इमारतीच्या कामावर रोजंदारी करणारे. शहराची निम्मी ओझी यांच्या डोक्यावर आहेत. ज्याला शहर कामाला बोलावते पण राहू देत नाही, तो बेघर. भिकारी हा शब्द त्याला चिकटवला की मजुरी आणि भाडे यांचा हिशेब कोणी विचारत नाही.

कोर्टाने काय सांगितले?

फुटपाथवरच्या माणसाचा प्रश्न आपल्या मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ च्या पावसाळ्यात झोपड्या आणि फुटपाथवरचे संसार उचलण्याची मोहीम झाली. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि १९८५ साली न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पुढे २०१० च्या जानेवारीत, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत माणसे मरत असताना, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने निवाऱ्यांबाबत आदेश दिले. एक लाख लोकवस्तीमागे निदान एक निवारा असावा. तो बाराही महिने आणि चोवीस तास चालावा. २०१३ साली केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. २०१६ साली निवाऱ्यांची खरी अवस्था तपासण्यासाठी न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. योजना होती, पैसे होते आणि तरीही निवारे नव्हते, म्हणून ही वेळ आली.

मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख. त्या हिशेबाने १२४ निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही कधी गेली नाही. दिल्लीत निवारे जास्त आहेत, पण तेथेही २०२३ च्या फेब्रुवारीत सराय काले खाँचा निवारा पाडला गेला आणि मार्चमध्ये यमुनेकाठचे निवारे जमीनदोस्त झाले. कोर्टाच्या आदेशाने उभे राहिलेले छप्पर बुलडोझरने जाते, हेही आपण पाहिले.

या सगळ्यावर लेख लिहिले गेले, अहवाल निघाले. ते योग्यच झाले. पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारला. निवारा चोवीस तास चालवायचा, तर तो चालवणार कोण?

पडद्यामागची माणसे

उत्तर असे की सरकार किंवा महानगरपालिका जागा देते, निविदा काढते आणि एखाद्या स्वयंसेवी संस्थेला निवारा चालवायला देते. संस्था माणसे नेमते. केअरटेकर, स्वयंपाकी, सफाईवाला, रात्री रस्त्यावर फिरून माणसांना निवाऱ्यात आणणारा कार्यकर्ता, आणि कार्यालयात बसून बिले, हजेरी, अहवाल तयार करणारा कारकून. उद्घाटनाच्या फोटोत आमदार असतात, ब्लँकेट वाटणारे देणगीदार असतात. ही माणसे फोटो काढून झाल्यावर खुर्च्या उचलतात.

त्या मुलाची एक रात्र मी पाहिली. रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव लिहून घेणे. कोणी पैसे, मोबाइल, कागदपत्रे ठेवायला दिली तर जपून ठेवणे. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, त्याला बसते करून पाणी पाजले. दोन वाजता दारू प्यालेला एक जण भांडण उकरायला आला, त्याला गोडीत बाहेर बसवले. तीन वाजता टाकीतले पाणी संपले. चार वाजता मांडवाचे काम आटोपून सहा मजूर परत आले, त्यांना जागा करून दिली. पहाटे सगळे उठले की घोंगड्या झटकायच्या, ढेकणांचे औषध मारायचे, संडास धुतला गेला की नाही पाहायचे. आजारी माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचे आणि तेथे "नातेवाईक कोण?" असे विचारले की पुढे होऊन सही करायची. थंडीत कोणी दगावला तर पोलीस, पंचनामा, वारसाचा शोध आणि शेवटी अंत्यसंस्कार. हे सगळे मानधनावर.

टपाल खात्यातील साथींना यातले एक काम विशेष कळेल. ज्याला घर नाही त्याला पत्ता नाही, आणि ज्याला पत्ता नाही त्याला या देशात कागद नाही. आधार, मतदार यादी, बँकेचे खाते, रेशन, पेन्शन, सगळ्याला पत्ता लागतो. मतदार यादीपुरता निवडणूक आयोगाने नियम केला आहे की बेघराकडे पत्त्याचा पुरावा मागू नये. अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो सांगितलेल्या ठिकाणी झोपतो की नाही ते पाहावे. नियम चांगला आहे, पण त्या अधिकाऱ्याला रात्री जागा दाखवतो कोण? निवाऱ्याचा केअरटेकर. माणूस येथे राहतो असे पत्र मिळवून देतो कोण? तोच. तुमचा पोस्टमन बंधू पाकीट घेऊन आला तर ते घेऊन माणूस शोधून त्याच्या हातात देतो कोण? तोच. बेघराचा पत्ता म्हणजे हा केअरटेकर. आणि त्याचे स्वतःचे नियुक्तिपत्र मागाल, तर बहुतेक वेळा ते नसते, किंवा अकरा महिन्यांचे असते.

रोस्टरचा हिशेब

आता रेल्वेवाल्यांच्या भाषेत बोलू. आठवड्याचे तास १६८. एका जागेवर चोवीस तास एक माणूस ठेवायचा आणि प्रत्येकाला ४८ तासांचा आठवडा द्यायचा तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण धरले तर चार. रेस्ट गिव्हरशिवाय रोस्टर होत नाही, हे कोणताही पॉइंट्समन सांगेल. तीन पाळ्यांना तीनच माणसे ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५६ तास येतात आणि साप्ताहिक सुट्टी शून्य. दोनच माणसे ठेवली, जशी मी त्या रात्री पाहिली, तर प्रत्येकी ८४ तास.

रेल्वे कायदा १९८९ मध्ये सततच्या कामाला आठवड्याला सरासरी ५४ तासांची मर्यादा आहे. ज्याला आपण इ. आय. म्हणतो, म्हणजे मूलतः खंडित स्वरूपाचे काम, त्यालाही कमाल मर्यादा ७५ तासांची आहे. या इ. आय. वर्गाविरुद्ध आपल्या संघटना किती वर्षे भांडल्या ते आठवा. १९४७ च्या न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या निवाड्यापासून १९६९ साली नेमलेल्या मियाभॉय न्यायाधिकरणापर्यंत वाद एकच होता. माणूस बसलेला दिसतो म्हणून तो मोकळा आहे का? गेटमन दोन गाड्यांच्या मधल्या वेळात घरी जाऊ शकतो का? जागेवर हजर राहणे हेच काम आहे, हे आपण घसा कोरडा होईस्तोवर सांगितले.

आज तोच जुना युक्तिवाद निवाऱ्याच्या केअरटेकरला ऐकवला जातो. "रात्री सगळे झोपतात, तूही पडतोसच की!" त्याचे तास ८४. आपल्या इ. आय. च्या मर्यादेपेक्षाही नऊ तास जास्त. जे आपल्या गेटमनसाठी अन्याय होते ते याच्यासाठी सेवा कसे होते?

आणखी एक उदाहरण घरचेच घ्या. लोको पायलट मुख्यालयाबाहेर गेला की रनिंग रूममध्ये झोपतो. तेथे चादर स्वच्छ आहे की नाही, जेवण वेळेवर मिळाले की नाही, वेळेवर उठवले की नाही, यावर पुढच्या गाडीतल्या हजार प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. म्हणून रनिंग रूमचा स्वयंपाकी आणि बेअरर हे गाडी चालवण्याच्या कामाचाच भाग आहेत असे आपण म्हणतो. निवारा ही मजुराची रनिंग रूम आहे. ज्याच्या झोपेवर उद्याची मजुरी उभी आहे, त्याच्या झोपेची राखण करणारा माणूस कामगार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

'सेवक' या शब्दाचे राजकारण

मालकाला वेतन टाळायचे असले की तो कामाचे नाव बदलतो. टपाल खात्याला हे सांगायला नको. खेड्यातले पोस्ट ज्यांच्या जिवावर चालते त्यांना वर्षानुवर्षे 'खात्याबाहेरचे' म्हटले. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे लोक नागरी पद धारण करतात, मर्जीला वाटेल तेव्हा काढता येणार नाही. मग नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. मोबदल्याला वेतन म्हणायचे नाही म्हणून लांबलचक नावाचा भत्ता आला. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींसाठी २०१८ च्या मे महिन्यात त्यांना बेमुदत संपावर जावे लागले, तेव्हा कोठे जूनमध्ये मंत्रिमंडळाने वाढ मान्य केली. सेवक म्हटले की पोट लागत नाही, अशी सरकारची समजूत आहे.

शब्दांचा हा खेळ कायद्यातही चालू आहे. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ मोठा केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा आशय असा की संस्था नफा कमावते की नाही हा मुद्दाच नाही. मालक आणि नोकर मिळून पद्धतशीरपणे लोकांना सेवा पुरवत असतील तर तो उद्योग. धर्मादाय संस्थेतही वेतनावर माणसे ठेवली असतील तर त्यांना औद्योगिक कायद्याचे संरक्षण आहे. दान मालकाने करावे, त्याची किंमत नोकराच्या पगारातून वसूल करू नये, हा त्याचा सरळ अर्थ.

हे सरकारला पचले नाही. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती करून धर्मादाय, सामाजिक व परोपकारी संस्था 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या. कामगार चळवळीने विरोध केला. ती व्याख्या कागदावरच राहिली, कधी अमलात आली नाही. मधल्या काळात १९९६ साली टपाल खातेही उद्योग नाही असा निकाल आला होता आणि १९९७ मध्ये तो मोठ्या पीठाने रद्द ठरवला, हे टपालवाल्या जुन्या साथींना आठवत असेल. पण १९८२ ची फडताळात ठेवलेली व्याख्या झटकून २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा घातली गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. म्हणजे निवाऱ्याच्या केअरटेकरला उद्या कामावरून काढले, तर औद्योगिक विवाद उभा करण्याचा दरवाजाच त्याच्या तोंडावर बंद करण्याची सोय झाली आहे. संघटना नोंदवतानाही हीच व्याख्या आडवी घातली जाईल. चार संहितांविरुद्ध आपण बोलतो तेव्हा निश्चित मुदतीच्या नेमणुका, संपाची नोटीस, कामाचे तास यांवर बोलतो. या एका ओळीने लाखो माणसे कुंपणाबाहेर गेली, तिच्यावर आपल्या किती सभांत भाषण झाले?

दोन्हीकडून दाबलेला माणूस

येथे कोणी म्हणेल, संस्था तर चांगल्या लोकांच्या असतात, त्यांच्याकडे पैसे कोठून येणार? या आक्षेपाला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे.

संस्था चालवणारे पुष्कळ लोक खरोखर तळमळीचे आहेत हे मला मान्य आहे. बेघरांसाठी कोर्टात जाणारे तेच होते. सरकारी बिल सहा-सहा महिने अडकते, तेव्हा पदरमोड करून डाळ-तांदूळ भरणारेही आहेत. निविदेतच माणसांचा खर्च इतका कमी धरलेला असतो की कायद्याप्रमाणे वेतन दिले तर निवारा चालणार नाही. मुदत संपली की निविदा दुसऱ्या संस्थेला जाते. निवारा तोच, केअरटेकर तोच, पण नेमणूक नवी. सेवाकाळ पुन्हा शून्यावर. आपल्याकडे स्टेशन सफाईचा ठेका बदलला की सफाई कामगाराचे जे होते, तेच हे.

देणगीदारांचीही एक खोड आहे. "माझा प्रत्येक रुपया गरिबापर्यंत गेला पाहिजे," असे ते म्हणतात. ऐकायला छान वाटते. पण हिशेब लिहिणारा, भांडारातल्या घोंगड्या मोजणारा, लेखापरीक्षणाला कागद लावणारा माणूस कोणाच्या रुपयावर जगणार? २०२० साली परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. चैनीवर टाच यावी याला कोणाची ना नाही. पण अशी टाच येते तेव्हा अध्यक्षांचा विमानप्रवास आधी थांबत नाही, कारकुनाची नोकरी आधी जाते. 'प्रशासकीय खर्च' हा शब्द वाचला की मला त्यामागे एक डबा घेऊन लोकलने येणारा माणूस दिसतो.

पण म्हणून संस्थेला माफी नाही. सरकार कमी देते हे खरे, तर तिने आपल्या कामगाराला सोबत घेऊन सरकारशी भांडावे. ते न करता "ही नोकरी नाही, व्रत आहे" असे सांगून त्याचे तोंड बंद करणे हा सरकारच्या अन्यायातला वाटा उचलणे आहे. व्रत स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते. ज्याला खरोखर विनामूल्य सेवा करायची आहे त्याने रविवारी येऊन जरूर करावी, त्याला आमचा नमस्कार. पण ज्याला हजेरीपुस्तकावर सही करावी लागते, उशीर झाला तर कापले जाते आणि साहेबांच्या परवानगीशिवाय जागा सोडता येत नाही, तो स्वयंसेवक नाही. तो नोकर आहे आणि त्याचे वेतन हा त्याचा हक्क आहे.

आणि या साऱ्यात फायदा कोणाचा? सरकारचा. कोर्टाने सांगितलेली जबाबदारी सरकारची. तीच जबाबदारी सरकारी कर्मचाऱ्यांकरवी पार पाडायची तर वेतनश्रेणी, रजा, पेन्शन सगळे द्यावे लागेल. संस्थेमार्फत केली की स्वस्तात होते आणि वर परोपकाराचा मुलामा मिळतो. ज्या माणसाने बेघराला छप्पर द्यायचे, तो स्वतः भाड्याच्या खोलीचे तीन महिन्यांचे भाडे थकवून बसला आहे. आणखी दोन महिने मानधन आले नाही तर रजिस्टरच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला जायला किती वेळ लागेल?

आपल्याच घरातले मौन

परतल्यावर आमच्या एका बैठकीत मी हा विषय काढला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आपल्याच रिक्त जागा भरल्या जात नाहीत, आपलेच ठेका कामगार उपाशी आहेत. या लष्कराच्या भाकऱ्या आपण कशाला भाजायच्या?"

त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या अडचणी डोंगराएवढ्या आहेत. पण त्यांना मी १९७४ ची आठवण दिली. ८ मे ते २७ मे असा तो वीस दिवसांचा संप. रेल्वे कॉलन्यांत पोलीस घुसले, संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून सामानासकट बाहेर काढले. भांडीकुंडी रस्त्यावर आली. ही गोष्ट प्रत्येक रेल्वे वसाहतीत थोरल्या पिढीने धाकट्या पिढीला सांगितली आहे. त्या वीस दिवसांत रेल्वे कामगार बेघर होता. तेव्हा ज्यांनी आपल्या ओट्यावर, खोपटात जागा दिली ते काही आपल्या संघटनेचे सभासद नव्हते. गँगमन वर्षानुवर्षे रुळाच्या कडेला तंबूत राहिला, कॅज्युअल म्हणून त्याला ना घर ना नाव. तोही आपलाच होता आणि त्यालाही आपण पुष्कळ उशिरा आपले म्हटले.

दुसरे असे की ठेका, मानधन, अकरा महिने, सेवाभाव ही हत्यारे आधी दुबळ्यांवर चालवून पाहिली जातात आणि मग आपल्यावर येतात. निवाऱ्यात जे चालले ते उद्या रनिंग रूममध्ये आणि टपाल कार्यालयात येणार नाही, याची हमी कोण देणार? स्टेशनवर सफाई, पार्सल, चौकशी ही कामे ठेक्यावर गेलीच आहेत. तेव्हा या भाकऱ्या लष्कराच्या नाहीत, आपल्याच चुलीवरच्या आहेत.

काय करायचे?

नुसता संताप करून भागत नाही. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे पुढील मागण्या महासंघाने आपल्या मागणीपत्रात घ्याव्यात.

१) बेघरांच्या निवाऱ्यातील प्रत्येक कर्मचाऱ्याला किमान वेतन मिळाले पाहिजे. वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक धंद्यांपुरते मर्यादित ठेवलेले नाही. त्या संहितेतल्या आपल्याला नको असलेल्या गोष्टींविरुद्ध जरूर लढू, पण तिच्यातला हा धागा या कामगारांसाठी घट्ट धरू.

२) निविदेतच वेतन, प्रॉव्हिडंट फंड, विमा आणि रजा-राखीव माणसाचा खर्च स्वतंत्र दाखवावा. त्या रकमेवर बोली लावू देऊ नये. संस्थेने वेतन थकवले तर महानगरपालिका किंवा मंडळ यांनी मुख्य मालक म्हणून ते भरावे.

३) प्रत्येक निवाऱ्यात आठ तासांच्या तीन पाळ्या आणि रेस्ट गिव्हर धरून किमान चार केअरटेकर असावेत. महिलांच्या निवाऱ्यात रात्री दोन महिला कर्मचारी हव्यात. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे, त्याची समिती प्रत्येक संस्थेत असावी.

४) संस्था बदलली तरी कामगार तोच राहावा आणि त्याचा सेवाकाळ सलग धरावा.

५) औद्योगिक संबंध संहितेतील धर्मादाय व सामाजिक संस्थांना वगळणारी तरतूद रद्द करावी.

हे झाले वरच्या पातळीवरचे. खालच्या पातळीवर प्रत्येक शाखा काय करू शकते? भुसावळ असो, इटारसी असो, सिकंदराबाद असो की दिल्ली, आपल्या स्टेशनजवळ निवारा आहे का ते शाखा सेक्रेटरीने जाऊन पाहावे. तेथे किती माणसे कामाला आहेत, किती तास, किती वेतन, किती महिन्यांचे थकलेले, हे एका कागदावर लिहून महासंघाकडे पाठवावे. दहा शाखांचे दहा कागद आले की सरकारपुढे ठेवायला पुरावा होतो. प्लॅटफॉर्मवर रात्री झोपलेल्या माणसाला काठीने हुसकताना दिसले, तर जवळच्या निवाऱ्याची वाट दाखवा. टपालातील साथींनी आपल्या बीटमध्ये निवारा असेल तर तेथल्या रहिवाशांची पत्रे 'पत्ता अपुरा' म्हणून परत पाठवू नयेत, निवाऱ्यात रजिस्टर असते, केअरटेकरला विचारावे. आणि पुढच्या १ मे रोजी आपल्या मिरवणुकीत या कामगारांना पहिल्या रांगेत बोलवावे. कामगार म्हणून हाक मारली जाण्याची त्यांना सवय नाही. ती आपण लावू.

त्या पहाटे निघताना मी त्या मुलाला आमच्या दिल्लीच्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. तो कागद त्याने खिशात ठेवला आणि विचारले, "काका, आमची पण युनियन होऊ शकते का? आम्ही तर संस्थेचे लोक." मी म्हणालो, "बाबा, ज्याला ड्युटी आहे त्याला युनियन आहे."

मी त्याला शब्द देऊन आलो आहे. तो पाळणे आता माझ्या एकट्याच्या हातात नाही.

मानधन नको, वेतन हवे!
कामगार एकजुटीचा विजय असो!